ईस्टरमधला शुक्रवार मुलांपासून लपवू नका

मुंबईतल्या बऱ्याच बालवाड्यांत आणि इंग्रजी शाळांच्या शिशुवर्गांत आता ईस्टर साजरा होतो. डोक्याला सशाचे लांब कागदी कान लावलेली मुलं, प्लॅस्टिकची रंगीत अंडी, वर्गाच्या कोपऱ्यांत दडवलेली चॉकलेटं आणि संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस. मग त्याच ग्रुपवर वाद सुरू होतो. कुणी म्हणतं, हे आपलं नाही, मुलांच्या गळ्यात कशाला मारता? कुणी म्हणतं, मुंबई आहे ही, सगळेच सण झाले पाहिजेत. मी मराठी ख्रिस्ती. माहेर वसईचं, राहते बोरिवलीत, घरात पाच वर्षांची मुलगी आहे. हा वाद वाचताना मला वाईट वाटतं, कारण ज्या ईस्टरवरून दोन्हीकडचे लोक भांडतात, त्यात आमचा ईस्टर कुठेच नसतो. त्यात येशूही नसतो.

लहान मुलांसोबत ईस्टर करायचा असेल तर त्याआधीचा शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, गाळता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. एक चांगला माणूस मारला गेला, त्याची माणसं रडली, घाबरली, पळाली, आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांना पुन्हा भेटला. ईस्टर म्हणजे ही सगळी गोष्ट. तिचा पहिला भाग काढून टाकला तर दुसऱ्यात आनंद कशाचा, हे मुलाला कळायला मार्गच उरत नाही. शाळांना मी हे सांगतेच आहे, पण त्याहून जास्त माझ्यासारख्या ख्रिस्ती आईबापांना सांगते आहे, कारण ससा आता आमच्याही घरांत शिरला आहे आणि शुक्रवार तिथूनही हळूहळू निघून चालला आहे.

सशावर माझा राग नाही. तो जर्मनीकडचा. ईस्टरला अंडी आणून देणाऱ्या सशाची जुनी लेखी नोंद 1682 सालची आहे. जर्मन स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि पुढे दुकानदारीने त्याला जगभर पोचवलं. अंड्याचं मूळ मात्र सणातच आहे. युरोपात पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत, त्यामुळे साठलेली अंडी सणाला उकडायची, रंगवायची आणि वाटायची, अशी रीत पडली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये अंडी लाल रंगवतात, येशूच्या रक्ताची आठवण म्हणून. मुंबईत वांद्र्याच्या बेकऱ्यांपासून घरोघरच्या स्वयंपाकघरांपर्यंत मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याची, अंडी होतात, आणि आपल्याकडे ती बदामाऐवजी सर्रास काजूची असतात. साच्यातून निघालेली दोन अर्धुकं चिकटवून त्यांच्यावर आयसिंगची फुलं काढायला मुलांना फार आवडतं. हे सगळं खुशाल करावं. पण अंडं कशासाठी, हा प्रश्न पाच वर्षांचं मूल विचारतंच, आणि त्याचं उत्तर शुक्रवारातून जातं.

मला सर्वांत जास्त खटकते ती वेळ. ईस्टर रविवारी असतो आणि त्याआधीच्या गुड फ्रायडेची सुट्टी असते. म्हणून शाळा आपला कार्यक्रम बुधवारी किंवा गुरुवारी उरकून घेतात. आमच्यासाठी तो पवित्र सप्ताहाचा मधला भाग. कपाळावर राख लावायच्या, म्हणजे राखेच्या बुधवारपासून सुरू झालेला, रविवार सोडून चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ संपत आलेला असतो. अनेक चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या असतात. गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात, जसे येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांचे धुतले होते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली नियम बदलल्यापासून त्या बारांत बायकाही बसू शकतात. त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकदा घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. शुक्रवारी वेदीवर कापडसुद्धा नसतं. पवित्र भाकर ठेवायच्या छोट्या कपाटाचं दार सताड उघडं असतं आणि आत काही नसतं. माझ्या मुलीला उचलून मी ते दाखवलं तेव्हा तिने आत हात घालून पाहायचा हट्ट धरला होता. ज्या आठवड्यात आम्ही मुलांना हे दाखवत असतो, त्याच आठवड्यात शाळेतून 'हॅपी ईस्टर' लिहिलेली टोपी घरी येते. येशू अजून मेलेला नाही आणि त्याच्या उठण्याचा खाऊ वाटून झालेला असतो. मूल गोंधळतं, आणि त्याचा गोंधळ रास्त असतो.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. ईस्टरचा काळ त्या एका रविवारी संपत नाही, पुढे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. शाळेने आपला कार्यक्रम रविवारनंतरच्या आठवड्यात ठेवावा. सुट्टी लागत असेल तर आधीच्या आठवड्यात कार्यक्रम करण्याऐवजी नुसती गोष्ट सांगावी आणि ती 'पुढे काय झालं ते रविवारी' म्हणून तिथेच थांबवावी. मुलांना वाट बघायला आवडतं.

एवढ्या लहान मुलांना क्रूस, खिळे, रक्त कसं सांगायचं, हा प्रश्न मला बिनख्रिस्ती मैत्रिणी विचारतात आणि चर्चमधले तरुण आईबापही विचारतात. मला या प्रश्नाचं नवल वाटतं. याच महाराष्ट्रात आपण तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन सांगतो, की शंकराने रागाच्या भरात गणपतीचं डोकं उडवलं, पार्वतीने आकांत केला, आणि मग हत्तीचं डोकं लावून त्याला पुन्हा जिवंत केलं. होळीला प्रल्हादाची गोष्ट सांगतो. तिथे बापच पोराला मारायला उठलेला असतो आणि आत्या त्याला घेऊन आगीत बसते. गोकुळाष्टमीला कंसाने देवकीची बाळं एकामागून एक मारली हे सांगितल्याशिवाय कृष्ण पुढे सरकत नाही. कुठली आजी या गोष्टींतलं मरण गाळते? मुलं घाबरतात, जवळ सरकतात आणि उद्या पुन्हा तीच गोष्ट मागतात. आपल्या माणसाच्या कुशीत बसून ऐकलेली भीती मुलाला पेलते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. येशूची गोष्ट तेवढी मुलांना झेपणार नाही, हे आपण कशावरून ठरवलं?

अर्थात, कशी सांगायची याला महत्त्व आहे. रक्ताचं वर्णन नको. खिळे किती लांब, काटे किती टोचले, हे मुलाला कळायची गरज नाही, आणि मोठ्यांसाठी केलेले सिनेमे तर मुळीच दाखवू नयेत. शुक्रवार मुलांना समजतो तो माणसांमधून, आणि माझ्या अनुभवात सर्वांत आधी समजतो तो पेत्र. येशूचा जिवलग दोस्त. 'मी तुला कधीच सोडणार नाही,' म्हणाला. मग येशूला धरून नेलं. रात्री शेकोटीशी लोकांनी विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? भीतीने म्हणाला, मी नाही ओळखत त्याला. असं तीनदा. मग कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. शाळेच्या बसमध्ये दांडग्या मुलांना घाबरून आपल्या मैत्रिणीशी न बोललेली मुलगी हे ऐकते तेव्हा तिला काहीही उलगडून सांगावं लागत नाही.

दुसरी कळते ती येशूची आई. सगळे पळाले, पण ती क्रुसाजवळ उभी राहिली. माझ्या मुलीचा पहिला प्रश्न हाच होता, 'मग त्याची आई कुठे होती?' ती तिथे होती, एवढ्या उत्तराने तिचं समाधान झालं.

एक गोष्ट मात्र फार जपून सांगावी लागते. 'ज्यूंनी येशूला मारलं' हे वाक्य मुलांच्या कानावर पडता कामा नये. ते खोटं आहे आणि त्या वाक्यापायी युरोपात शतकानुशतकं निरपराध माणसं मारली गेली. येशू स्वतः ज्यू होता. त्याची आई, पेत्र, बाकीचे शिष्य, सगळे ज्यू. त्याला क्रुसावर देण्याचा हुकूम होता पिलात नावाच्या रोमन सुभेदाराचा. गर्दी बिथरेल म्हणून तो घाबरला, त्याने हात धुतले आणि माणूस मरायला दिला. 1965 साली व्हॅटिकनच्या परिषदेने स्पष्ट लिहिलं, की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच. मुंबईत हे सांगणं सोपं जायला हवं. इथे बेने इस्रायल ज्यू आहेत, मूळचे कोकणातले, घरात मराठी बोलणारे. त्यांचं 1796 साली स्थापन झालेलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, मांडवीत आजही आहे. त्यांचा वल्हांडण, म्हणजे पेसाह, याच दिवसांच्या आसपास येतो आणि येशूचं शेवटचं जेवण त्याच सणाचं होतं, असं बायबलमधली पहिली तीन शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, सांगतात. मुलाला हे एवढं सांगितलं तरी पुष्कळ होईल.

रविवारसाठी माझी आवडती गोष्ट रिकाम्या थडग्याची नाही. ती मोठ्यांनाही अवघड जाते. मुलांसाठी योहानाच्या शुभवर्तमानातलं शेवटचं प्रकरण घ्यावं. येशू उठला आहे, पण शिष्यांना काय करावं सुचत नाही. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला चाललो. रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारतं, उजवीकडे टाका. जाळं भरून येतं, 153 मोठे मासे, आणि जाळं फाटत नाही. पेत्र पाण्यात उडी मारून काठाला येतो. तिथे कोळसे पेटवलेले, त्यावर मासळी, शेजारी भाकर. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. मग पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? तीन वेळा नाकारलं होतं, तीन वेळा हो म्हणायची संधी. चिंबई, मनोरी, गोराई, उत्तन इथल्या कोळी ख्रिस्ती घरांतल्या मुलाला ही गोष्ट सांगताना एकही शब्द अडत नाही. जाळं, होडी, पहाटेचा किनारा, निखाऱ्यावरची मासळी, सगळं त्याच्या दारातलं. वर्सोव्याच्या बिनख्रिस्ती कोळ्याच्या मुलालाही ती तितकीच आपली वाटेल. हिच्यापुढे सशाची टोपली काय मोठी?

मरण मुलांपासून लपवून ठेवता येतं, असं समजणाऱ्यांना मी 2025 सालची आठवण देईन. त्या वर्षी ईस्टर 20 एप्रिलला होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पोप फ्रान्सिस गेले. रविवारी टीव्हीवर हात हलवताना पाहिलेले आजोबा सोमवारी नव्हते. मुलीने विचारलं, 'पण कालच तर ईस्टर झाला ना?' ईस्टर म्हणजे नुसता आनंद, असं तिला शिकवलं असतं तर त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. ईस्टर झाला म्हणून माणसं मरायची थांबत नाहीत. येशूसुद्धा खरोखरच मेला होता, त्याच्या आईलाही रडू आलं होतं, आणि आम्ही विश्वास ठेवतो तो त्याच्या पुढच्या गोष्टीवर, असं मी तिला सांगू शकले. आजी-आजोबा जाणं, शेजारचे काका अचानक जाणं, हे सगळं मुंबईच्या चाळीत आणि सोसायटीत मुलांच्या डोळ्यांसमोरच घडतं. ज्या मुलाला फक्त रविवार दिला, त्याचा ईस्टर घरातल्या पहिल्याच मरणाला खोटा पडतो.

आता ग्रुपवरच्या पहिल्या बाजूबद्दल, 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांबद्दल. ससा आपला नाही, हे मला मान्य. येशूची गोष्ट मात्र मराठीत चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. त्यात येशूचा जन्म आहे, तसंच त्याचं मरण आणि पुनरुत्थानही आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत 1813 साली आली. मराठीतलं ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली सुरू झालं. ज्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो, ज्यांच्या कविता शाळेत पाठ केल्या, त्या रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईतच झाला आणि त्यांनी लिहिलेली भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. मुंबईचे मूळ रहिवासी असलेल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाने हे नाव घेतलं 1887 साली, पण त्यांच्या जुन्या गावठाणांतली बोली मराठीच. माझगावच्या म्हातारपाखाडीत किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत जे क्रूस दिसतात, तसे कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगच्या काळात शहरभर उभे राहिले. तरीही 2020 साली भरलेल्या धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा विरोधाचे सूर निघालेच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते साधारण 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकही नाही. एवढ्या थोड्या माणसांबद्दल बाकीच्यांना कळतं ते शाळेतून आणि बाजारातून. तिथे ससा भेटला, तर आम्ही परदेशी आहोत हा समज आणखी घट्ट होतो.

धर्मांतराची भीती काहींच्या मनात असते, तीही मी झटकून टाकणार नाही. गोष्ट सांगणं वेगळं आणि प्रार्थना करायला लावणं वेगळं, ही रेघ शाळेने कडक पाळली पाहिजे. घटनेचं 28 (3) कलम सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ती संमती पालकाची हवी. हे कलम माझ्याही मुलीचं रक्षण करतं. ख्रिस्ती लोक असं मानतात, त्यांची गोष्ट अशी आहे, या चौकटीत शुक्रवार आणि रविवार दोन्ही नीट बसतात.

दुसऱ्या बाजूलाही मला एक सांगायचं आहे. सगळे सण साजरे करायचे, ही भावना चांगली आहे, पण सण साजरा करताना तो ज्यांचा आहे त्यांना विचारलं जात नाही. वर्गात एखादं तरी ख्रिस्ती मूल असतं, त्याची आजी गावठाणात किंवा वसईत असते. तिला बोलवा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेली झावळीची पात घेऊन ती पाच मिनिटांत क्रूस वळून दाखवेल: पात मधोमध मोडायची, एक टोक आडवं घालायचं, मागून ओढून गाठ खेचायची. हा क्रूस वर्षभर घरात देवासमोर राहतो आणि पुढच्या वर्षी या वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. मुलांना हे चक्र ऐकायला फार आवडतं. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हेही त्यांना सांगावं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा सण ठरवण्याचा नियम. त्यामुळे बहुतेक वर्षी ईस्टर होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. 2024 साली होळीनंतर आठवड्याभरात आला. 2026 साली हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी, 2 एप्रिलला, पडले. आपल्या पंचांगातला चंद्र पाहणाऱ्या मुलाला हा नियम लगेच पटतो.

ख्रिस्ती आईबापांनो, तुम्हाला एवढंच सांगेन, की शनिवारच्या रात्री मुलांना घरी झोपवून येऊ नका. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाला चर्च पूर्ण अंधारात असतं. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून त्या वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती लागत जाते. मूल मांडीवर पेंगत असतं. शेजारचा अनोळखी माणूस वाकून त्याची मेणबत्ती लावून देतो. वाचनं लांबतात, मूल झोपतं, आणि मग दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम वाजतात तेव्हा दचकून उठतं. गुरुवारपासून त्या का गप्प होत्या हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या वाजण्याचा अर्थ लागतो. शुक्रवारी दुपारी घरी पेज आणि लोणचं जेवलेल्या मुलाला रविवारचं मटण आणि मार्झिपान जसं लागतं, तसं एरवी लागत नाही. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची आठवण करत केलेली प्रार्थना, चौदा स्थानांची असते, मुलाला सगळी उभ्याने झेपत नाही. तीन-चार स्थानांपर्यंत हात धरून न्यावं आणि मग सावलीत बसवावं.

शाळांकडे माझी मागणी छोटी आहे. जूनमध्ये वर्षाचं वेळापत्रक करताना ईस्टरचा कार्यक्रम रविवारनंतरच्या आठवड्यात टाका, आणि त्या दिवशी गोष्ट सांगायला वर्गातल्या एका ख्रिस्ती घराला बोलवा. ससा ठेवायचा असेल तर ठेवा, खाऊही वाटा, पण आधी पेत्र, कोंबडा, क्रुसाजवळची आई आणि किनाऱ्यावरची न्याहारी एवढं होऊ द्या. त्याला वीस मिनिटं पुरतात. मला बोलावलं तर मी येईन, आणि माझ्या चर्चमधल्या निदान चार-पाच आयांनी तरी हो म्हटलं आहे.